पायवाटेची राखण

प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, ‘मळलेली वाट’ हा शब्दप्रयोग आपण नेहमी ऐकतो. पुष्कळ पावले एकाच जागेवरून गेली की गवत दबते, माती घट्ट होते आणि वाट आपोआप तयार होते, असा आपला समज असतो. पाणवठ्याकडे किंवा शेजारच्या वाडीकडे जाणारी सपाटीवरची वाट खरोखरच अशी तयार होते. डोंगरातली वाट मात्र निराळी. तेथे उतार असतो, पाऊस असतो, कोसळणारी झाडे असतात. ज्या पावलांनी वाट मळते, तीच पावले उतारावरची माती मोकळी करतात आणि पुढच्या पावसात ती माती वाहून जाते. म्हणून डोंगरातली वाट टिकायची असेल, तर ती कोणीतरी विचारपूर्वक आखावी लागते, खणावी लागते आणि वर्षानुवर्षे तिची डागडुजी करावी लागते.

जुन्नरहून कोकणात उतरणारा नाणेघाट तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या काळात, हा मार्ग वाहता होता. घाटमाथ्याजवळच्या लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील लेख आहे आणि घाट उतरताना जुनी दगडी फरसबंदी आजही पायांखाली लागते. त्या वाटेने व्यापाऱ्यांचे तांडे जात, त्यामुळे ती राखण्यात राजाचा आणि व्यापाऱ्यांचा, दोघांचाही स्वार्थ होता. या पाठात आपण ज्या वाटेची माहिती घेणार आहोत, तिच्यावरून माल जात नाही आणि ती कोणत्याही बाजारपेठेला पोहोचत नाही. तरीही गेली शंभर वर्षे हजारो माणसे आपल्या हातांनी ती राखत आली आहेत. ही वाट अमेरिकेतील ॲपलेशियन पर्वतरांगेवर आहे.

या पाठाच्या अभ्यासानंतर डोंगरातील पायवाट कशी आखतात व कशी टिकवतात, हे तुम्हाला स्वतःच्या शब्दांत सांगता येईल. वाटेच्या रक्षणात समाजाचा आणि शासनाचा वाटा कोणता, याविषयी आपले मत मांडता येईल. तसेच ‘वाट’ या शब्दापासून झालेले मराठीतील वाक्प्रचार योग्य रीतीने वापरता येतील.

मूळ पाठ

१. कागदावरची वाट

अमेरिकेच्या पूर्व भागात, किनाऱ्याला साधारणपणे समांतर, ॲपलेशियन ही अतिशय जुनी, झिजलेली आणि दाट जंगलाने झाकलेली पर्वतरांग आहे. हिमालयापुढे ती ठेंगणी वाटेल. पायवाटेवरील सर्वांत उंच जागा म्हणजे कुवोही हे शिखर. त्याची उंची सुमारे २,०२५ मीटर आहे. (या शिखराला पूर्वी क्लिंगमन्स डोम म्हणत. चेरोकी लोकांच्या भाषेतील त्याचे मूळ नाव २०२४ मध्ये त्याला परत मिळाले.) दक्षिणेकडील जॉर्जिया राज्यातील स्प्रिंगर पर्वतापासून उत्तरेकडील मेन राज्यातील कटाडिन पर्वतापर्यंत, चौदा राज्यांतून, सुमारे ३,५०० किलोमीटर लांबीची एक पायवाट या रांगेवरून जाते. श्रीनगरहून कन्याकुमारीला रस्त्याने जितके अंतर पडते, जवळजवळ तितकी ही वाट लांब आहे. तिला ‘ॲपलेशियन ट्रेल’ असे म्हणतात.

या वाटेची कल्पना बेंटन मॅकाय यांची. मॅकाय वनशास्त्र शिकले होते आणि त्यांनी शासनाच्या वनखात्यात नोकरी केली होती. १९२१ साली त्यांच्या पत्नीचे निधन झाले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबर महिन्यात त्यांचा एक लेख वास्तुविशारदांच्या एका नियतकालिकात प्रसिद्ध झाला. कारखान्यांत आणि कचेऱ्यांत वर्षभर राबणाऱ्या माणसाला थोडे दिवस तरी मोकळ्या हवेत काढता यावेत, म्हणून पर्वतमाथ्यावरून एक लांब पायवाट काढावी आणि तिच्या आधाराने विश्रामस्थाने, छावण्या, सहकारी शेते वसवावीत, अशी ती योजना होती. वाट हे त्या योजनेतले केवळ सूत्र होते. पुढे छावण्या आणि शेते मागेच राहिली. लोकांनी उचलून धरली ती वाट.

न्यूयॉर्क राज्यातील बेअर माउंटन परिसरात ७ ऑक्टोबर १९२३ रोजी या वाटेचा पहिला तुकडा खुला झाला. १९२५ मध्ये वॉशिंग्टन येथे परिषद भरून एक संस्थाही स्थापन झाली. त्यानंतर मात्र काम रेंगाळले. सभा होत, ठराव होत, पण कुऱ्हाड घेऊन रानात शिरणारी माणसे थोडी होती. ही कोंडी फोडली मायरन एव्हरी यांनी. ते मूळचे मेन राज्यातले आणि व्यवसायाने वकील होते. स्वभावाने ते करडे होते. चालढकल त्यांना खपत नसे. १९२७ मध्ये वॉशिंग्टन परिसरातील हौशी मंडळींचे एक मंडळ स्थापन झाले. त्याचे एव्हरी हे पहिले अध्यक्ष होते. सुटीच्या दिवशी सहकाऱ्यांना घेऊन ते डोंगरात जात, झाडोरा तोडत, खुणा रंगवत. सायकलच्या चाकाला दांडा आणि अंतर मोजणारे यंत्र बसवून ते चाक पुढे ढकलत ते चालत. वाटेचा प्रत्येक तुकडा त्यांनी असा मोजून काढला आणि १९३६ मध्ये संपूर्ण वाट चाललेले ते पहिले गृहस्थ ठरले.

वाट पूर्ण होण्याच्या सुमारासच या दोघांचे बिनसले. व्हर्जिनिया राज्यातील शेनान्डोआ येथे पर्वतमाथ्यावरून मोटारींसाठी रस्ता बांधण्याचे काम चालू होते आणि त्यासाठी पायवाट बाजूला सरकवावी लागणार होती. यंत्रांपासून आणि गर्दीपासून माणसाला दूर नेण्यासाठी जी वाट काढली, तिच्याच उशाशी मोटारी आणून ठेवण्यास मॅकाय यांचा कडाडून विरोध होता. एव्हरी यांनी तो बदल पत्करला. शासनाने बेरोजगार तरुणांची जी पथके उभी केली होती, त्यांच्या हातांनी नवी आणि चांगली वाट बांधून मिळणार होती. ती संधी सोडून भांडत बसणे त्यांना मान्य नव्हते. पत्रापत्री कडवट होत गेली आणि १९३५ च्या सुमारास दोघांचे संबंध तुटले ते कायमचेच. मॅकाय यांचे भय पोकळ नव्हते, त्या रस्त्यावरून आज मोटारींची रीघ लागते. पण अर्धवट वाटेवरून कोणालाच चालता येत नाही, हे एव्हरी यांचे व्यवहारज्ञान त्या घडीला अधिक मोलाचे होते, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. १४ ऑगस्ट १९३७ रोजी मेन राज्यातील एका धारेवर शेवटचा तुकडा खणून झाला. तो खणणारे हात त्या बेरोजगार तरुणांच्या पथकाचेच होते.

पाठगत प्रश्न

(अ) मॅकाय यांच्या योजनेत पायवाटेशिवाय आणखी कोणत्या गोष्टी होत्या?
(आ) एव्हरी वाटेची लांबी कशी मोजत असत?
(इ) दोघांमधील मतभेदाचे कारण कोणते? तुम्हाला कोणाची बाजू पटते? का?

२. पाण्याची चाल

वाट काढणारा जाणता माणूस डोंगरावर गेला, की वाट कोठे न्यायची हे तो नंतर ठरवतो. पाणी कोठून येईल आणि कोठे जाईल, हे आधी पाहतो. पावसाळ्याच्या तोंडावर ज्याने शेताचा बांध दुरुस्त केला आहे किंवा घराभोवती चर खणला आहे, त्याला हे वेगळे सांगावे लागणार नाही.

आरंभीच्या स्वयंसेवकांना घाई होती. त्यांनी बहुतेक ठिकाणी माथा दिसला, की सरळ माथ्याकडे वाट नेली. हे अंतर सर्वांत कमी असते. पण सरळ चढणारी वाट आणि ओढा यांत पाण्याला फरक दिसत नाही. दक्षिणेकडील ग्रेट स्मोकी पर्वताच्या माथ्यावर वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. हे पाणी वाटेत शिरते, वेग घेते आणि माती खरवडत खाली नेते. काही वर्षांत वाटेची घळ होते, झाडांची मुळे उघडी पडतात, दगड सुटे होतात. चालणारे लोक मग घळ टाळून शेजारच्या गवतावरून जाऊ लागतात. तेही गवत मरते, तेथेही घळ पडते. एका वाटेच्या अशा तीन-चार वाटा होतात आणि डोंगराच्या अंगावरची जखम रुंदावत जाते.

म्हणून आजचे कारागीर वाट डोंगराच्या कुशीतून, आडवी आणि हळूहळू चढत जाणारी अशी आखतात. यासाठी एक सोपा ठोकताळा आहे. वाटेचा चढ हा त्या जागच्या डोंगरउताराच्या निम्म्याहून अधिक नसावा. समजा, डोंगर शंभर मीटरमागे तीस मीटर उतरतो आहे. मग तेथे वाटेचा चढ शंभर मीटरमागे पंधरा मीटरच्या पुढे जाता कामा नये. तो पुढे गेला, तर पाण्याला वाट ओलांडण्यापेक्षा वाटेनेच धावणे सोपे पडते. शिवाय संपूर्ण चढणीची सरासरी शंभराला दहाच्या आसपास ठेवतात. म्हणजे पाठीवर ओझे असलेल्या माणसालाही दम न कोंडता चढता येते. उतार मोजण्याचे एक छोटे उपकरण हातात धरून आखणी करणारा पुढे चालतो आणि झाडाझुडपांना रंगीत फिती बांधत जातो. पुष्कळदा एकच टप्पा तीन-चारदा आखावा लागतो. आखणीत गेलेला हा वेळ पुढे खणण्याच्या आणि दुरुस्तीच्या श्रमांतून भरून निघतो.

खणताना एक गोष्ट नवशिक्याला चमत्कारिक वाटते. उतारावर वाट करताना आतल्या बाजूची माती काढून बाहेरच्या कडेला टाकावी, म्हणजे अर्धी वाट खणून आणि अर्धी भरून तयार होईल, असा विचार सहज मनात येतो. यात श्रम निम्मे वाचतात. परंतु भरावाची माती कितीही चोपली, तरी ती मूळ जमिनीसारखी घट्ट होत नाही. पहिल्याच मोठ्या पावसात कड खचते. म्हणून वाटेची पूर्ण रुंदी डोंगराच्या मूळ मातीतच खणतात आणि निघालेली माती खाली लांब फेकून देतात. वाटेचा पृष्ठभागही सपाट ठेवत नाहीत. बाहेरच्या बाजूला तो किंचित, शंभराला पाचच्या प्रमाणात, कलता ठेवतात. वरून आलेले पाणी मग पातळ थराने वाटेवरून पलीकडे निघून जाते. पाण्याने वाट ओलांडावी, वाट धरू नये, एवढेच यामागचे सूत्र.

लोकांच्या चालण्याने वाटेचा मध्य हळूहळू दबतो आणि बाहेरच्या कडेला मातीचा छोटा काठ तयार होतो. तो दिसायला अगदी क्षुल्लक असतो, पण तोच पाण्याला अडवून वाटेत कोंडतो. म्हणून ठरावीक अंतरावर वाटेला मुद्दाम खोलगट झोल देतात किंवा लाकडाचा ओंडका अथवा दगडांची ओळ तिरपी गाडून पाण्याला बाहेर काढतात. या तिरप्या आडकाठीच्या वरच्या अंगाला पाला आणि गाळ साचतो. तो वेळोवेळी फावड्याने ओढून काढला नाही, तर पाणी आडकाठीवरून उडी घेते आणि पुन्हा वाट धरते. ओंडका कुजतो, झोल कुजत नाही. त्यामुळे नव्या वाटांवर झोल देण्याकडे कल वाढला आहे.

जेथे चढ टाळताच येत नाही, तेथे दगडी पायऱ्या बसवतात. पायरीचा दगड जितका दिसतो, त्याहून अधिक जमिनीत गाडलेला असतो आणि वरच्या पायरीचे वजन खालच्या पायरीवर थोडे तरी यावे लागते. असा एक दगड पहारीने सरकवत जागेवर आणून बसवण्यात तीन-चार माणसांचा अर्धा दिवस सहज जातो. १९२३ मध्ये जेथून या वाटेचा आरंभ झाला, त्या बेअर माउंटनवर पुढे चालणाऱ्यांची इतकी गर्दी झाली, की मूळ वाटेची चाळण झाली. अखेर ती नव्याने आखली गेली आणि स्वयंसेवकांनी व कुशल कारागिरांनी २०१८ पर्यंत तेथे ग्रॅनाइटच्या हजाराहून अधिक पायऱ्या बसवल्या. उत्तरेकडे मेनमध्ये प्रश्न उलटा आहे. तेथे दलदल फार. तेथे लाकडाच्या जाड फळ्या आडव्या टेकूंवर मांडून वाट उचलून घेतात. चालणाऱ्याचे पाय कोरडे राहतात, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या ओल्या जमिनीतली नाजूक झाडे तुडवली जात नाहीत.

३. हत्यारे

या कामाची हत्यारे आपल्या ओळखीची आहेत: टिकाव, फावडे, पहार, घण, कोयत्यासारखी पाती. एक मात्र खास तिकडचे आहे. लांब दांड्याच्या त्या हत्याराच्या डोक्याला एका बाजूने कुऱ्हाडीचे आणि दुसऱ्या बाजूने कुदळीचे पाते असते. मुळे तोडायची आणि माती ओढायची, ही दोन्ही कामे एकाच हत्याराने होतात. एड पुलास्की या वनरक्षकाच्या नावाने ते ओळखले जाते. ऑगस्ट १९१० मध्ये आयडाहो व मोंटाना या राज्यांत प्रचंड वणवा पेटला असता पुलास्की यांनी आपल्या हाताखालच्या सुमारे पंचेचाळीस माणसांना खाणीच्या एका बोगद्यात नेले आणि त्यांपैकी बहुतेकांचे प्राण वाचवले. वणवा विझवण्यासाठी त्यांनी पुढे प्रचारात आणलेले हे हत्यार आता वाट खणणाऱ्यांच्या खांद्यावरही असते.

वाटेच्या काही भागांत १९६४ च्या कायद्याने यंत्रे वापरण्यास बंदी आहे. तेथे पडलेले झाड तोडायचे, तर दोन माणसांनी ओढायची लांब करवतच घ्यावी लागते. ही करवत फक्त ओढायची असते, ढकलायची नसते. ढकलली की पाते वाकते आणि अडकते. आपली ओढ संपली, की हात सैल सोडून जोडीदाराला ओढू द्यायचे. हे जमायला दिवस लागतात. पडलेल्या झाडाला निर्धोक समजणे हीदेखील चूक आहे. दोन खडकांमध्ये वाकून अडकलेल्या खोडात ताण भरलेला असतो. चुकीच्या बाजूने चिरले, तर एक तर चीर मिटून करवत जखडते, नाही तर खोड उसळून माणसाला फेकते. त्यामुळे करवत चालवण्याची परवानगी प्रशिक्षण घेतलेल्यांनाच दिली जाते.

४. हरवलेली वाट

१९३७ मध्ये पूर्ण झालेली वाट जेमतेम वर्षभर सलग राहिली. २१ सप्टेंबर १९३८ च्या चक्रीवादळाने ईशान्येकडील राज्यांतली असंख्य झाडे आडवी केली. व्हर्जिनियात आणखी एका मोटाररस्त्याने वाटेचा मोठा पट्टा गिळला. पाठोपाठ दुसरे महायुद्ध आले. तरुण सैन्यात गेले, पेट्रोल शिधापत्रिकेवर मिळू लागले आणि वाट राखणारे डोंगरापर्यंत पोहोचेनासे झाले. पाच-सहा वर्षे कोणी फिरकले नाही, तेवढ्यात कित्येक ठिकाणी वाट रानात मिसळून गेली.

१९४८ मध्ये अर्ल शेफर या तरुण माजी सैनिकाने ही सारी वाट एका दमात चालून पार केली, तेव्हा त्याला जागोजागी खुणाच सापडत नव्हत्या. अशी सलग चाल शक्य आहे यावर वाटेच्या कारभाऱ्यांचा आधी विश्वास बसेना. १९५१ मध्ये वाट पुन्हा जोडली गेली, तरी तिची प्रकृती तोळामासाच होती. हे जगापुढे आणले एमा गेटवुड यांनी. अकरा मुलांची आई असलेल्या या शेतकरी बाईंनी वाटेविषयी एका मासिकात वाचले होते, आणि तेथे सारे काही सोपे व साफसूफ असल्याचे भासले होते. १९५५ मध्ये, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, कापडी बूट घालून आणि घरी शिवलेली पिशवी खांद्यावर टाकून त्या एकट्या निघाल्या आणि शेवटपर्यंत पोहोचल्या. वाटेत वार्ताहर भेटले, तेव्हा पडलेली झाडे, माजलेले रान आणि जळून गेलेले निवारे यांविषयी त्यांनी खरपूस शब्दांत सुनावले. त्यांच्या बोलण्याला वृत्तपत्रांत जागा मिळाली आणि वाटेच्या दुरवस्थेकडे लोकांचे लक्ष वेधले गेले. वाटेची डागडुजी करणाऱ्यांच्या यादीत त्यांचे नाव नसेल. तरी ती होण्यात त्यांच्या जिभेचा वाटा मोठा आहे.

दुसरे संकट जमिनीचे होते. वाटेचा पुष्कळ भाग खाजगी जमिनीतून, मालकाच्या तोंडी परवानगीवर जात होता. मालक बदलला, शेताचे भूखंड पडले किंवा जंगल तोडायला दिले, की वाट हटवून मोटाररस्त्याच्या कडेने न्यावी लागे. १९६८ मध्ये राष्ट्रीय पायवाटांचा कायदा झाला आणि १९७८ च्या सुधारणेनंतर जमीन विकत घेण्यास भरीव निधी मिळू लागला. एव्हरी १९५२ मध्येच वारले होते. मॅकाय १९७५ पर्यंत, शहाण्णव वर्षे, जगले. कायद्याचे संरक्षण त्यांनी पाहिले.

५. राखणदार

१९८४ मध्ये शासनाने या राष्ट्रीय वाटेचा दैनंदिन कारभार करार करून त्या जुन्या स्वयंसेवी संस्थेकडेच सोपवला. जमीन शासनाची आणि राखण लोकांची, अशी ही व्यवस्था आहे. सुमारे तीस स्थानिक मंडळांनी वाट आपापसांत वाटून घेतली आहे आणि प्रत्येक मंडळ आपला भाग पुन्हा लहान तुकड्यांत विभागून सभासदांना देते. कोणाकडे दोन किलोमीटर असतात, कोणाकडे पाच. एखाद्या कुटुंबाकडे एकच तुकडा वर्षानुवर्षे असतो.

अशा राखणदाराचे काम पाहिले, तर त्यात नाट्य काहीच नाही. हिवाळा संपला, की पहिली फेरी. पडलेली झाडे मोजायची, जी आपल्याने हलतील ती हलवायची, मोठ्या झाडांची खबर करवतवाल्यांना द्यायची. मग आडकाठ्यांमागचा गाळ उपसायचा. उन्हाळ्यात दोन्ही अंगांनी वाढलेला झाडोरा छाटायचा. शरद ऋतूत पाने गळतात, की पुन्हा आडकाठ्या साफ. अधूनमधून खुणा रंगवायच्या. या वाटेची खूण म्हणजे झाडावर किंवा खडकावर रंगवलेला पांढरा पट्टा, सुमारे पाच सेंटिमीटर रुंद आणि पंधरा सेंटिमीटर उंच. एकाखाली एक असे दोन पट्टे दिसले, की पुढे वळण आहे असे समजायचे. बाजूच्या वाटांना निळा पट्टा असतो. चालणाऱ्याला पट्टा दिसतो. तो रंगवणारा सहसा दिसत नाही.

सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस ‘हेलीन’ हे चक्रीवादळ फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर येऊन उत्तरेकडे डोंगरांत शिरले. नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगराळ भागात तीन दिवसांत काही ठिकाणी सातशे मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. तेथे माणसे दगावली, गावे वाहून गेली. त्यापुढे पायवाटेची काय कथा. पण दक्षिणेकडील शेकडो किलोमीटर वाट बंद करावी लागली. टेनेसी राज्यातील अर्विन गावाजवळ नोलिचकी नदीवरचा ज्या पुलावरून वाट जात होती, तो पूलच २७ सप्टेंबरला वाहून गेला. २०२५ च्या वसंतात तेथे चालणाऱ्यांना नावेतून पार नेण्याची सोय करावी लागली. अनेक राखणदारांची स्वतःची घरे चिखलाने भरलेली होती. ती उपसून झाल्यावर ते करवती घेऊन डोंगरात गेले. काही धारांवर एकावर एक पडलेल्या झाडांचा असा खच होता, की दिवसभरात शे-दीडशे पावलांची वाटही मोकळी होत नसे. जेथे झाडे मुळांसकट उपटली गेली होती, तेथे खोड कापून भागण्यासारखे नव्हते. वाटेखालची जमीनच मुळांबरोबर उचलली गेली होती. तेथे उताराचे माप हातात घेऊन, फिती बांधत, नव्याने आखणी करावी लागली.

शब्दार्थ

डागडुजी – किरकोळ दुरुस्ती. झाडोरा – वाढलेली झाडेझुडपे. घळ – पाण्याने पडलेली खोल चीर. ठोकताळा – अनुभवावरून ठरलेला ढोबळ नियम. धार – डोंगराचा अरुंद माथा. पहार – लोखंडी जाड कांब. चाळण होणे – खिळखिळे, निकामी होणे. प्रकृती तोळामासा असणे – स्थिती नाजूक असणे. कोंडी फुटणे – अडलेले काम मार्गी लागणे.

भाषाविचार

पाठात ‘पाण्याने वाट ओलांडावी, वाट धरू नये’ असे वाक्य आले आहे. ‘वाट धरणे’ म्हणजे मार्गाला लागणे. पाऊस थांबताच त्याने घरची वाट धरली, असे आपण म्हणतो. येथे मात्र पाणी खरोखरच वाटेला लागते, त्यामुळे वाक्प्रचाराचा मूळ अर्थ पुन्हा जागा होतो. ‘वाटेवरून’ आणि ‘वाटेने’ या दोन रूपांतील फरकही पाहा. ‘पाणी वाटेवरून गेले’ यात पाणी वाट ओलांडून पलीकडे गेले, असा अर्थ होऊ शकतो. ‘पाणी वाटेने गेले’ यात वाटच पाण्याचा मार्ग झाली. शब्द तोच, प्रत्यय व शब्दयोगी अव्यय बदलताच अर्थ बदलतो.

मराठीत वाटेचे प्रकारही पुष्कळ आहेत: पायवाट, आडवाट, चोरवाट, घाटवाट, पाणंद. शेतांमधून जाणारी, दोन्ही बाजूंनी कुंपण असलेली वाट म्हणजे पाणंद. तुमच्या भागात याखेरीज कोणते शब्द वापरतात, ते वडीलधाऱ्यांना विचारा. तुम्ही महाराष्ट्राबाहेर राहत असाल, तर तेथील भाषेतील शब्दही लिहून काढा.

स्वाध्याय

१. वाटेची अर्धी रुंदी भराव घालून का करत नाहीत, ते तीन-चार वाक्यांत लिहा.
२. एका डोंगराचा उतार शंभर मीटरमागे चोवीस मीटर आहे. पाठातील ठोकताळ्यानुसार तेथे वाटेचा चढ जास्तीत जास्त किती असावा? कारणासह सांगा.
३. एमा गेटवुड यांच्या बोलण्याचा वाटेला कसा उपयोग झाला?
४. ‘जमीन शासनाची आणि राखण लोकांची’ ही व्यवस्था तुमच्या गावातील विहीर, तळे, स्मशान किंवा रस्ता यांपैकी कशाला लागू करता येईल? त्यात कोणत्या अडचणी येतील?
५. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा: वाट पाहणे, वाट लावणे, वाट चुकणे, वाटेला जाणे, वाट मोकळी होणे.
६. पाऊस पडून गेल्यावर तुमच्या परिसरातील एखादी चढाची वाट पाहून या. पाणी कोठे वाट ओलांडते आणि कोठे वाट धरते, याचे दहा-बारा ओळींत वर्णन करा.